उजेडाने पाण्यातली रसायनं तोडणारी पावडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटोकॅटॅलिसिसबद्दलचे, म्हणजे उजेड आणि पावडर वापरून पाण्यातली रसायनं तोडण्याबद्दलचे, प्रश्न आमच्याकडे मुख्यतः एम.एस्सी.-पीएच.डी. करणाऱ्यांकडून आणि इचलकरंजी-सोलापूरकडच्या कापडवाल्यांकडून येतात. मधूनच एखाद्या तळ्याची काळजी लागलेले नागरिकही लिहितात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र करून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरात येऊन गेलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे नेमकं काय आहे? नुसत्या उजेडाने पाण्यातली घाण कशी तुटते?

नुसत्या उजेडाने तुटत नाही, अर्धवाहकाची पावडर लागते. टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड असल्या पदार्थाच्या कणावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन खालच्या ऊर्जापट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जातो. त्याच्या जागी धनभारित पोकळी राहते, तिला सगळे 'होल'च म्हणतात. होल कणाच्या पृष्ठभागावरच्या पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळतो आणि सुपरऑक्साइड बनतं.

खरं काम हायड्रॉक्सिल रॅडिकलचं. त्याचं ऑक्सिडेशन पोटेन्शियल सुमारे २.८ व्होल्ट आहे. ओझोनचं २.०७ आणि क्लोरीनचं १.३६. म्हणजे समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचा हा लचका तोडतो. पण त्याचं आयुष्य नॅनोसेकंदांत मोजायचं, त्यामुळे तो कणापासून लांब जाऊच शकत नाही. प्रदूषकाला कणापर्यंत यावं लागतं. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

प्रक्रिया शेवटपर्यंत नेली तर सेंद्रिय रेणूचे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधे क्षार होतात. 'शेवटपर्यंत नेली तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत, प्रश्न ७ पाहा.

२. साधी टायटॅनियमची पावडर स्वस्त मिळते. मग कॉम्पोझिटचा, म्हणजे दोन पदार्थ जोडलेल्या पावडरीचा, खटाटोप कशाला?

दोन अडचणी आहेत. पहिली प्रकाशाची. अ‍ॅनाटेज रूपातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा बँड गॅप (दोन पट्ट्यांमधलं ऊर्जेचं अंतर) ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. १२४० ला बँड गॅपने भागलं की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते, इथे सुमारे ३८७. म्हणजे ही पावडर फक्त अतिनील प्रकाश वापरते आणि उन्हाच्या ऊर्जेत तो जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. दृश्य प्रकाश चाळीस टक्क्यांच्या वर आहे, तो सगळा फुकट जातो.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. वर गेलेला इलेक्ट्रॉन आणि खालचं होल पृष्ठभागावर पोचून काही काम करण्याआधीच बहुतेक वेळा पुन्हा एकत्र येतात आणि मिळवलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. दुसरा पदार्थ जोडून इलेक्ट्रॉनला एका बाजूला आणि होलला दुसऱ्या बाजूला पाठवलं की हे पुनर्मीलन टळतं. कॉम्पोझिटचा मुख्य हेतू हा आहे. बँड गॅप कमी करण्याला लोक जास्त महत्त्व देतात, पण पृष्ठभागावर किती भार जिवंत पोचले यावर निकाल ठरतो.

३. सध्या कोणती कॉम्पोझिट चालतात? घरच्या कॉलेजात करता येईल असं कोणतं?

टायटॅनियम डायऑक्साइडला ग्राफीन ऑक्साइड किंवा चांदीचे कण जोडलेलं जुनं आणि खात्रीचं. बिस्मथ व्हॅनाडेट (२.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट), टंगस्टन ऑक्साइड, झिंक ऑक्साइड यांच्या जोड्याही भरपूर आहेत. कॅडमियम सल्फाइड आकडे छान देतं, पण पाण्याच्या कामात आम्ही ते सुचवत नाही (प्रश्न १५).

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ग्राफिटिक कार्बन नायट्राइड सगळ्यात सोपं. युरिया झाकणाच्या क्रूसिबलमध्ये घ्यायचा, झाकण नीट बसवायचं, मफल फर्नेसमध्ये हळूहळू ५५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं आणि दोन-तीन तास ठेवायचं. अमोनियाचा वास नाकात जाईल, म्हणून एक्झॉस्ट चालू हवा. थंड झाल्यावर क्रूसिबल उघडलं की तळाशी फिकट पिवळी, हलकीफुलकी पावडर दिसते. युरिया भरपूर घातलेला असतो आणि हाती येते चिमूट-दोन चिमूट, तेव्हा दचकू नका. मेलामाइनपासून केलं तर उत्पादन जास्त मिळतं, पण पृष्ठभाग कमी मिळतो. बँड गॅप २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सुमारे ४६० नॅनोमीटरपर्यंतचा निळा प्रकाश चालतो.

याची एक मर्यादा आहे. याच्या होलमध्ये पाण्यापासून थेट हायड्रॉक्सिल रॅडिकल काढण्याइतका जोर नसतो. म्हणून ते एकटं न वापरता बिस्मथ व्हॅनाडेट किंवा टंगस्टन ऑक्साइडसारख्या, होलची ताकद जास्त असलेल्या पदार्थाशी जोडतात.

४. टाइप-टू आणि झेड-स्कीम यात फरक काय? गाइड म्हणतात, "झेड-स्कीम लिही."

लिहिण्याआधी सिद्ध करा.

प्रश्न १ मधला वरचा पट्टा म्हणजे कंडक्शन बँड, खालचा म्हणजे व्हॅलन्स बँड. टाइप-टूमध्ये दोन पदार्थांपैकी ज्याचा कंडक्शन बँड खाली आहे तिकडे इलेक्ट्रॉन उतरतात आणि ज्याचा व्हॅलन्स बँड वर आहे तिकडे होल चढतात. भार वेगळे होतात, पण दोघांचाही जोर कमी होतो. झेड-स्कीममध्ये दोन्ही पदार्थांतले कमजोर इलेक्ट्रॉन आणि कमजोर होल एकमेकांना संपवतात आणि ताकदीचे तेवढे मागे उरतात.

कार्बन नायट्राइड आणि बिस्मथ व्हॅनाडेटची जोडी घ्या. टाइप-टू असेल तर इलेक्ट्रॉन बिस्मथ व्हॅनाडेटवर जमतील, तिथून सुपरऑक्साइड होत नाही. होल कार्बन नायट्राइडवर जातील, तिथून हायड्रॉक्सिल होत नाही. मग तुमच्या ईएसआर चाचणीत (ही थेट रॅडिकल ओळखते) दोन्ही रॅडिकल ठळक दिसत असतील तर झेड-स्कीम म्हणायला आधार आहे. नुसत्या बँडच्या आकृतीवर बाण काढून काही सिद्ध होत नाही.

स्कॅव्हेंजर चाचणी (रॅडिकल किंवा होल टिपून घेणारं रसायन घालून वेग किती पडतो ते पाहणं) सोबत करा. हायड्रॉक्सिलसाठी टर्शरी ब्युटॅनॉल, होलसाठी अमोनियम ऑक्झलेट. सुपरऑक्साइडसाठी सर्रास वापरलं जाणारं बेंझोक्विनोन स्वतःच प्रकाश शोषतं आणि इतर क्रियांतही भाग घेतं, एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

५. हे संशोधन किती जुनं आहे?

टोकियोच्या फुजिशिमा आणि होंडा यांचा टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाशाने पाणी विघटित करण्याचा लेख १९७२ चा. त्यांचं लक्ष हायड्रोजनवर होतं. पाण्यातल्या प्रदूषकासाठी हीच पावडर १९७६ मध्ये कॅनडात वापरली गेली, पीसीबी या क्लोरीनयुक्त रसायनांवर. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सायनाइडवर प्रयोग झाले. म्हणजे विषय पन्नाशीचा आहे. 'नुकताच लागलेला शोध' म्हणून कुणी विकत असेल तर सावध राहा.

६. याने काय काय तुटतं? आणि काय तुटत नाही?

रंग, फिनॉल, बहुतेक कीटकनाशकं, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविकं, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं, संप्रेरकं हे सगळं तुटतं. वेग मात्र प्रत्येकाचा वेगळा.

न तुटणारी यादी लहान आहे, पण ती माहीत हवी. अ‍ॅट्राझिन या तणनाशकाच्या बाजूच्या साखळ्या भराभर निघतात, क्लोरीनही जातो, आणि गाडी सायन्युरिक आम्लापाशी येऊन थांबते. त्याचं कडं हायड्रॉक्सिलला दाद देत नाही. पीएफएएस म्हणजे फ्लोरीनने वेढलेली 'कायमची रसायनं', त्यातला कार्बन-फ्लोरीन बंध या रॅडिकलला सहसा तुटत नाही. त्यासाठी वेगळे मार्ग लागतात.

क्षार तर जातच नाहीत. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कमी होईल का, असं विचारणाऱ्यांना उत्तर: नाही, उलट किंचित वाढेल, कारण रंगातल्या सल्फोनेट गटाचं सल्फेट होतं. धातूंचं रूप फक्त बदलतं. सहा-संयुजी क्रोमियमचं तीन-संयुजी होतं, विषारीपणा खूप घटतो, पण क्रोमियम पाण्यातच असतं आणि ते नंतर साका बसवून काढावं लागतं.

७. बीकरमधला रंग पूर्ण गेला. पाणी शुद्ध झालं ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

रंगाच्या रेणूत रंग दाखवणारा भाग छोटासा असतो. अ‍ॅझो रंगात तो म्हणजे दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध. तो बंध तुटला की पाणी रंगहीन दिसतं, पण बेंझिन-नॅफ्थलिनची कडी तशीच असतात. मधल्या टप्प्यावर अ‍ॅरोमॅटिक अमाइन तयार होऊ शकतात आणि त्यातली काही मूळ रंगापेक्षा घातक असतात.

ऱ्होडामाइन बी घ्या. हाच तो गुलाबी रंग, ज्यामुळे २०२४ मध्ये तामिळनाडूत 'बुढ्ढी के बाल'वर बंदी आली. त्याचं शोषणशिखर ५५४ नॅनोमीटरला असतं. दृश्य प्रकाशात प्रयोग करताना बऱ्याचदा शिखराची उंची घटतेच, पण ते डावीकडे सरकत सरकत ४९८ च्या आसपास येतं आणि द्रावण गुलाबीचं हिरवट-पिवळं होतं. याचा अर्थ रेणूच्या कडेचे इथिल गट एकेक करून गळताहेत, गाभा शाबूत आहे. फक्त ५५४ ला रीडिंग घेणारा विद्यार्थी '९० टक्के विघटन' लिहून मोकळा होतो.

मिथिलीन ब्लूची खोड आणखी वेगळी. ऑक्सिजन कमी पडला की ते क्षपण होऊन रंगहीन ल्युको रूपात जातं. हवा लागली की निळा रंग परत येतो. रंग गेलेलं द्रावण बाटलीत घालून खळखळून हलवा आणि निळसर झाक येते का पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

म्हणून विघटन म्हणायचं असेल तर टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन मोजा. रंग ९५ टक्के गेला आणि टीओसी ३० टक्केच घटला, असे निकाल अगदी नेहमीचे आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ते लपवू मात्र नका. टीओसी यंत्र नसेल तर सीओडी, म्हणजे सेंद्रिय पदार्थांना लागणाऱ्या ऑक्सिजनची रासायनिक चाचणी, करा (त्यातल्या फसगती प्रश्न १८ मध्ये), आणि आयन क्रोमॅटोग्राफने सल्फेट-नायट्रेट मोजता आलं तर फारच उत्तम.

८. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मिथिलीन ब्लूच दिलं आहे. काय काळजी घेऊ?

मिथिलीन ब्लू ६६४ नॅनोमीटरला स्वतःच प्रकाश खातं आणि आपला इलेक्ट्रॉन पावडरला देतं. त्यामुळे दृश्य प्रकाशात जे दिसतं ते तुमच्या कॉम्पोझिटचं कर्तृत्व की रंगाचं, हे सांगता येत नाही. सोबत एक रंगहीन प्रदूषक घ्या, फिनॉल किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन. त्यावरही पावडर चालली तर बोलणंच मिटलं.

बाकी तीन तुलनात्मक प्रयोग सुटता कामा नयेत: पावडरशिवाय नुसता प्रकाश, प्रकाशाशिवाय नुसती पावडर, आणि कॉम्पोझिटच्या दोन्ही घटकांचं साधं मिश्रण. प्रकाश लावण्यापूर्वी अंधारात निदान अर्धा तास ढवळा आणि शोषण थांबल्याची खात्री करून त्यानंतरचं रीडिंग 'शून्य मिनिट' धरा. ग्राफीनची पावडर अंधारातच निम्मा रंग गिळते. तो रंग तुटलेला नसतो, पावडरला चिकटलेला असतो.

नमुना काढल्यावर पावडर नीट वेगळी करा. टायटॅनियमचे कण वीस-पंचवीस नॅनोमीटरचे असतात. गोळा होऊन मोठे झाले तरी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काही निसटतातच. क्युवेट खिडकीकडे धरून पाहा. दुधाळ झाक दिसली की रीडिंग फुकट, पुन्हा सेंट्रिफ्यूज करा. सिरिंज फिल्टर वापरत असाल तर त्याचा पडदा स्वतः रंग शोषतो का, हेही कोऱ्या द्रावणावर तपासा.

९. पीएच किती ठेवायचा आणि पावडर किती घालायची?

टायटॅनियम डायऑक्साइडचा शून्यभार बिंदू पीएच ६ ते ७ च्या दरम्यान असतो. त्याखाली पृष्ठभाग धनभारित, मिथिल ऑरेंजसारखे ऋणभारित रंग ओढले जातात. त्यावर ऋणभारित, तिथे मिथिलीन ब्लू बरं चिकटतं. झिंक ऑक्साइडचा बिंदू ९ च्या आसपास आहे, पण ते आम्लात विरघळतं, त्यामुळे पीएच फार खाली नेता येत नाही.

पावडर साधारण अर्धा ते एक ग्रॅम प्रतिलिटर. त्यापुढे द्रावण इतकं गढूळ होतं की प्रकाश आत शिरत नाही, आणि वेग वाढायच्या ऐवजी घटतो.

१०. एका पेपरमध्ये एका तासात ९९ टक्के आलंय. मग हे सगळीकडे का वापरत नाहीत?

त्या पेपरचा प्रायोगिक भाग काढा आणि कागद-पेन्सिल घ्या. सहसा असं असतं: ५० मिलिलिटर द्रावण, रंग १० मिलिग्रॅम प्रतिलिटर, पावडर एक ग्रॅम प्रतिलिटर, ३०० वॅटचा झेनॉन दिवा, एक तास.

बीकरमध्ये रंग किती? अर्धा मिलिग्रॅम. पावडर ५० मिलिग्रॅम, म्हणजे रंगाच्या शंभरपट. वीज ०.३ युनिट. या हिशेबाने एक लिटरला ६ युनिट आणि एक घनमीटरला ६,००० युनिट. प्रयोगशाळेतल्या दिव्याचा बराचसा प्रकाश बीकरवर पडतच नाही, त्यामुळे हा आकडा कारखान्याला जसाच्या तसा लावणं अन्यायाचं होईल. पण '९९ टक्के' या आकड्यात किंमत कुठेच दिसत नाही, एवढं त्यातून कळतं.

तुलनेसाठी एकच माप सगळीकडे चालतं: एक घनमीटर पाण्यातलं प्रदूषक दहाव्या हिश्शावर आणायला किती युनिट वीज लागली. २०१८ मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात ओझोन आणि अतिनील-हायड्रोजन पेरॉक्साइड या पद्धती एक युनिटच्या आत बसल्या. दिव्यावर चालणारं फोटोकॅटॅलिसिस शंभराच्या वर गेलं.

११. लॅबमध्ये झकास चालणारी पावडर आमच्या डाइंगच्या पाण्यात काहीच करत नाही. का?

कारण तुमच्या पाण्यात रंगापेक्षा इतर गोष्टीच जास्त आहेत.

सुती कापडाच्या रिअ‍ॅक्टिव्ह डाइंगचं उदाहरण घ्या. बाथमध्ये लिटरला चाळीस-पन्नास ग्रॅम किंवा त्याहून जास्त मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट पडतं. रंग कापडावर पक्का करायला सोडा अ‍ॅश घालतात. धुलाईचं पाणी मिसळून सगळं पातळ झालं तरी क्षार लिटरला काही हजार मिलिग्रॅम असतात आणि पीएच दहाच्या पुढे. सोडा अ‍ॅश म्हणजे कार्बोनेट. हायड्रॉक्सिल रॅडिकल कार्बोनेटवर पटकन झडप घालतं आणि त्यातून जे कार्बोनेट रॅडिकल होतं ते फारच मवाळ असतं. पीएच ८ च्या खाली आणला की कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं. बायकार्बोनेट सुमारे ४५ पट सावकाश रॅडिकल खातं. म्हणजे पावडर बदलण्यापेक्षा आधी आम्ल घालून पीएच उतरवणं स्वस्त आणि परिणामकारक. अजून खाली, आम्लधर्मी बाजूला गेलात तर मात्र मिठातलं क्लोराइड हे रॅडिकल खायला लागतं, तेव्हा ६ ते ७ च्या आसपास थांबा.

सायझिंगचा (सुताला खळ देण्याचा) स्टार्च, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, डिटर्जंट हेही सेंद्रियच. रॅडिकल निवड करत नाही, त्याला रंग आणि स्टार्च सारखेच. शिवाय गडद पाण्यात रंग स्वतःच वरच्या थरात प्रकाश अडवतो. आणि कोमट, गाळयुक्त पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. इलेक्ट्रॉनला घ्यायला कुणी नसलं की सगळी क्रिया मंदावते, म्हणून खालून हवा सोडणं आवश्यक.

१२. मग आमच्या ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) बसवायचं की नाही?

कच्च्या सांडपाण्यावर, नाही. ज्याला जिवाणू फुकटात खातात तो स्टार्च महागड्या रॅडिकलने तोडण्यात शहाणपण नाही.

शोभते ती जागा शेवटची. साका बसवणं, मग जैविक टाकी, मग वाळूचा फिल्टर, आणि त्यानंतरही जो थोडा रंग किंवा औषधाचा अंश उरतो त्यावर फोटोकॅटॅलिसिस. उलट मांडणीही काही औषध कारखान्यांना सोयीची पडते: विषारी प्रवाह वेगळा ठेवायचा, त्यावर अर्धवट फोटोकॅटॅलिसिस करून जिवाणूंना पचेल असा करायचा आणि मग जैविक टाकीत सोडायचा. दोन्हीकडे आधी फेंटन (लोखंडाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड) आणि ओझोनचे दर मागवा आणि शेजारी ठेवून तुलना करा. आजच्या घडीला बऱ्याचदा तेच जिंकतात, हे फोटोकॅटॅलिसिसवर काम करणाऱ्यांनीही कबूल करायला हवं.

जमिनीवरच्या जलप्रवाहात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा सीओडी २५० आणि बीओडी (जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या कन्सेंटमध्ये याहून कडक अट असेल तर ती पाळायची. पंचगंगेकाठच्या युनिट्सना हे वेगळं सांगायला नको.

१३. आपल्याकडे ऊन भरपूर. दिवे सोडून उन्हावरच चालवलं तर?

हा मार्ग खरंच विचार करण्यासारखा आहे, कारण प्रश्न १० मधला विजेचा मुद्दाच निकालात निघतो. स्पेनमधल्या अल्मेरियाच्या सौर केंद्रात यावर गेली तीसेक वर्षं काम चालू आहे. बोरोसिलिकेट काचेच्या नळ्यांतून पाणी फिरवतात आणि नळ्यांमागे वक्र आरसे असतात, ते थेट आणि विखुरलेलं दोन्ही ऊन नळीवर पाडतात. हलक्या ढगातही काम पूर्ण बंद पडत नाही ते त्यामुळे.

अडचण जागेची आणि पावसाळ्याची. जमिनीवर पोचणारा अतिनील प्रकाश चौरस मीटरला भर दुपारी चाळीस-पन्नास वॅटच्या घरात असतो. तेव्हा रोज लाखो लिटर पाणी सोडणाऱ्या कारखान्याला केवढं छप्पर लागेल याचा अंदाज घ्या. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात काय करायचं, याचंही उत्तर आधी हवं. छोटे प्रवाह, उदाहरणार्थ कीटकनाशकाचे फवारणी पंप आणि डबे धुतलेलं पाणी, इथे उन्हाचा पर्याय चांगला बसतो.

१४. वापरलेली पावडर पाण्यातून परत कशी काढायची? आणि किती वेळा वापरता येते?

नॅनोपावडर तासन्तास खाली बसत नाही. तीन वाटा आहेत.

चुंबकीय गाभा हा लोकप्रिय पर्याय: मॅग्नेटाइटच्या (लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडच्या) कणावर टायटॅनियम डायऑक्साइडचं कवच, मग चुंबक लावून ओढून घ्यायचं. फक्त दोन्ही थेट चिकटवले तर टायटॅनियममधले भार मॅग्नेटाइटमध्ये शिरतात, लोखंड विरघळायला लागतं आणि कामही मंदावतं. मध्ये सिलिकाचा पातळ थर द्यावा लागतो. दुसरी वाट मेम्ब्रेनची, तिचा खर्च आणि तुंबणं सगळ्यांना माहीत आहे. तिसरी वाट पावडर काचेवर किंवा मण्यांवर पक्की बसवण्याची. यात पृष्ठभाग कमी मिळतो, म्हणून वेग घटतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात स्प्रे पायरोलिसिसने (तापलेल्या पृष्ठभागावर द्रावण फवारून) काचेवर पातळ थर चढवून, त्याला थोडा विद्युतदाब देऊन हा वेग वाढवण्याचं काम झालं आहे. बाहेरचा दाब इलेक्ट्रॉनला ओढून नेतो, त्यामुळे पुनर्मीलन घटतं.

पुनर्वापराचे पाच फेरे दाखवणं ही पेपरातली रीत झाली, कारखान्याला पाच फेऱ्यांनी काही होत नाही. कणावर अर्धवट तुटलेले पदार्थ बसून वेग उतरत गेला, तर ऑक्साइडची पावडर ४०० अंशांवर भाजून पुन्हा ताजी होते. कार्बन किंवा ग्राफीन असलेलं कॉम्पोझिट असं भाजू नका. आणि प्रत्येक फेरीत धुताना पावडर वाया जाते ती वजन करून भरून काढा, नाहीतर घसरण पावडरची आहे की तुमच्या हाताची, ते कळणार नाही.

१५. ही पावडरच पाण्याला विषारी करणार नाही ना?

पदार्थावर अवलंबून आहे. कॅडमियम सल्फाइडमध्ये होल शेजारच्या सल्फाइडचंच ऑक्सिडीकरण करतं आणि कॅडमियम पाण्यात उतरतं. रंग काढायला जाऊन कॅडमियम घातलं, हा सौदा कुणीच करू नये. झिंक ऑक्साइडही प्रकाशात थोडं थोडं विरघळतं. चांदीच्या कॉम्पोझिटमधून चांदीचे आयन सुटतात आणि पुढे जैविक टाकी असेल तर तिथल्या जिवाणूंना ते मानवत नाहीत.

टायटॅनियम डायऑक्साइड पाण्यात जवळपास निष्क्रिय. धोका आहे तो कोरड्या पावडरीच्या धुळीचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला श्वासावाटे जाण्याच्या संदर्भात '२-बी', म्हणजे संभाव्य कर्करोगकारक गटात ठेवलं आहे. पावडर तोलताना मास्क लावा, पंखा बंद करा. अतिनील दिवा चालू असताना चष्म्याशिवाय रिअ‍ॅक्टरमध्ये डोकावू नका, हेही इथेच सांगून ठेवतो.

१६. घरच्या यूव्ही फिल्टरमध्ये हेच असतं का?

नाही. त्यात २५४ नॅनोमीटरचा दिवा जंतूंचा डीएनए बिघडवतो. पावडर नसते आणि कीटकनाशकं, रसायनं त्याने जवळपास जात नाहीत. पारदर्शक पेट बाटली सहा तास उन्हात ठेवायची पद्धतसुद्धा जंतूंसाठी आहे, रसायनांसाठी नाही.

१७. रंकाळ्यात किंवा नदीत ही पावडर टाकली तर पाणी आपोआप स्वच्छ होईल का?

होणार नाही, आणि कृपया टाकू नका. अतिनील प्रकाश गढूळ, शेवाळी पाण्यात काही सेंटिमीटरच शिरतो. पावडर तिथे थांबत नाही, तळाच्या गाळात जाऊन बसते. वर राहिलेली पावडर प्रदूषकाआधी पानापाचोळ्याचे विरघळलेले अंश आणि सूक्ष्मजीव यांच्यावरच खर्च होते. परत गोळा करायची सोय नाही. तळ्यात मिसळणारं सांडपाणी अडवणं हाच तिथला उपाय.

१८. प्रक्रियेनंतर सीओडी कमी व्हायच्या ऐवजी वाढला! यंत्र बिघडलं की आम्ही?

बहुधा दोघंही नाही. पहिली शंका हायड्रोजन पेरॉक्साइडची. वेग वाढवायला घातलेलं पेरॉक्साइड उरलं असेल तर सीओडीच्या चाचणीतल्या डायक्रोमेट या रसायनाला ते खातं आणि आकडा फुगतो. चाचणीपूर्वी पेरॉक्साइडची पट्टी बुडवून पाहा आणि कॅटॅलेज एन्झाइम घालून उरलेलं मोडून टाका.

दुसरी शंका क्लोराइडची. डाइंगच्या पाण्यात मीठ इतकं असतं की मर्क्युरिक सल्फेटची नेहमीची मात्रा पुरत नाही आणि क्लोराइडही सीओडी म्हणून मोजलं जातं. नमुना पातळ करा किंवा मात्रा वाढवा, पण प्रक्रियेआधीच्या आणि नंतरच्या नमुन्याला अगदी सारखी.

तिसरी गोष्ट खरी रसायनाची आहे. पिरिडिनसारखी काही कडी डायक्रोमेटला नीट तुटत नाहीत, म्हणून मूळ नमुन्याचा सीओडी मुळातच कमी दिसतो. फोटोकॅटॅलिसिसने ती कडी उघडली की तुकडे डायक्रोमेटला पचतात आणि सीओडी वाढल्यासारखा दिसतो. अशा वेळी टीओसी खाली आलेला असेल तर प्रयोग बरोबर चालला आहे. कार्बन नायट्राइड किंवा ग्राफीनची पावडर वापरत असाल तर नमुन्यात तिचे कण राहिलेत का तेही पाहा, कारण तो कार्बनसुद्धा सीओडीत आणि टीओसीत मोजला जातो. त्यासाठी नुसती पावडर शुद्ध पाण्यात ढवळून, तेवढाच वेळ प्रकाशात ठेवून, त्याच पद्धतीने गाळून तिचा टीओसी काढा आणि बाकीच्या आकड्यांतून वजा करा.